घरखर्चाची वही : औषधांच्या बिलावरील सूट आणि खरी बचत



घरखर्चाची वही मांडताना किराणा, दूध, भाजी, कपडे अशा बहुतेक रकान्यांत गृहिणीला थोडीफार काटछाट करता येते. साखर एका किलोने कमी आणता येते, नवे कापड पुढील सणापर्यंत लांबविता येते. परंतु औषधांच्या रकान्यापाशी आले की हात थबकतो. तेथे वस्तू आपण निवडलेली नसते, प्रमाण आपण ठरविलेले नसते, आणि नको म्हणण्याची सोय तर मुळीच नसते. म्हणूनच औषधांच्या दुकानाच्या दर्शनी भागी किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर 'सूट' हा शब्द दिसला की मनास दिलासा वाटतो.

या विषयावर इंदूरच्या एका वाचकभगिनींनी सदराकडे पत्र पाठविले आहे. त्यांचे यजमान सेवानिवृत्त आहेत. उभयतांना मिळून रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरील गोळ्या रोज घ्याव्या लागतात. कोपऱ्यावरचा औषधविक्रेता बिलावर पंधरा टक्के सूट देतो. घरपोच औषधे पाठविणारी एक कंपनी वीस टक्क्यांचे कूपन देते आणि शिवाय प्रत्येक खरेदीवर बक्षिसाचे 'पॉइंट' जमा करते. यांपैकी कोणता मार्ग पत्करावा, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या अखेरीस त्यांनी सहज लिहावे तसे एक वाक्य लिहिले आहे : खर्च फारच वाढला, तर गोळ्या दिवसाआड घ्याव्यात असा यजमानांचा विचार चालला आहे.

आमच्या मते संपूर्ण पत्रात महत्त्वाचे असे हेच वाक्य आहे, म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देतो. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी डॉक्टरांना न विचारता दिवसाआड घेणे ही काटकसर नव्हे. अशा व्याधी बहुधा मूकपणे वाढतात. गोळी चुकली तरी त्या दिवशी काही जाणवत नाही, आणि जेव्हा जाणवते तेव्हा पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाची दुर्बलता या रूपाने जाणवते. घरखर्चाच्या वहीत जे कमी करावयाचे ते गोळीची किंमत होय, गोळ्यांची संख्या नव्हे. आणि ती किंमत कमी करणे, कूपनावाचूनही, बहुतेकांना शक्य आहे.

हा प्रश्न एका घराचा नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरलेला हिस्सा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट समाधानाची खरी. तथापि दर शंभर रुपयांतील सुमारे चाळीस रुपये अद्याप घरच्या तिजोरीतूनच जात होते, आणि त्यांतील मोठा भाग औषधांचा असतो, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही.

कूपनाचा जन्म

कूपन ही युक्ती आली कोठून, हे पाहणे मनोरंजक आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरी १८८६ साली जेकब्ज फार्मसी नावाच्या औषधांच्या दुकानात कोका-कोला हे पेय प्रथम विकले गेले. एका पेल्यास पाच सेंट पडत. पुढे १८८७ च्या सुमारास एक पेला फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या लोकांत वाटण्यात आल्या. आज ज्यास आपण कूपन म्हणतो त्याच्या आरंभीच्या नमुन्यांत या चिठ्ठ्यांची गणना होते. म्हणजे कूपन आणि औषधांचे दुकान यांचे नाते सव्वाशे वर्षांहून अधिक जुने आहे. १८९६ साली स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने हिरवी तिकिटे सुरू केली. खरेदीच्या प्रमाणात मिळालेली तिकिटे गृहिणीने पुस्तिकेत चिकटवावयाची आणि पुस्तिका भरली की त्या बदल्यात भांडे, दिवा, चादर असे काही घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. आजचे 'पॉइंट' म्हणजे त्याच तिकिटांचा नवा अवतार होय. डिंक तेवढा गेला.

अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत साबण, दंतमंजन, बिस्किटे, भेटकार्डे असे पुष्कळ काही विकले जाते, आणि सीव्हीएस व वॉलग्रीन्स यांसारख्या मोठ्या दुकानमालिका सभासदांना मुख्यतः अशाच वस्तूंवर सूट-चिठ्ठ्या देत आल्या आहेत. तेथे काही गृहिणी वर्तमानपत्रांतील चिठ्ठ्या कापून, नीट लावून ठेवून, साबण-शाम्पूची वर्षभराची बेगमी करतात. त्यात त्यांची खरोखरच बचत होते, कारण साबण कोणता घ्यावा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यांच्या हाती असते.

औषधाची गोष्ट मात्र निराळी आहे, हे तेथील कायदेकर्त्यांच्याही ध्यानात आले. औषध बनविणाऱ्या काही कंपन्या आपल्या महागड्या औषधासाठी रुग्णांना कूपने देत. विमा असलेल्या रुग्णाला आपल्या वाट्याची रक्कम त्यामुळे कमी भरावी लागे, आणि तेच द्रव्य असलेले स्वस्त औषध बाजारात असूनही तो महागडेच घेत राही. उरलेला मोठा भार विमा कंपनीवर पडे आणि शेवटी विम्याच्या हप्त्यातून सर्वांच्याच माथी येई. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदा केला, आणि तुल्य असे स्वस्त जेनेरिक औषध उपलब्ध असताना महागड्या औषधासाठी कंपनीने कूपन देण्यास, काही अपवाद वगळता, १ जानेवारी २०१८ पासून मनाई केली. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. परंतु या कायद्यामागील विचार आपणांसही उपयोगी आहे : सवलत ही कधी कधी ग्राहकाला महाग वस्तूशी बांधून ठेवणारी दोरी असते.

थोडे अंकगणित

इंदूरच्या भगिनींच्या प्रश्नाकडे आता वळू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, एका प्रसिद्ध नावाच्या गोळ्यांच्या दहाच्या पाकिटाची छापील किंमत १५० रुपये आहे. पंधरा टक्के सुटीने ते १२७ रुपये ५० पैशांस आणि वीस टक्क्यांच्या कूपनाने १२० रुपयांस मिळेल. महिन्यास तीन पाकिटे लागत असतील, तर दोन मार्गांतील फरक साडेबावीस रुपयांचा. तेच द्रव्य, त्याच प्रमाणात असलेली, दुसऱ्या नावाची गोळी दहास ५० रुपयांप्रमाणे मिळत असेल आणि तिच्यावर एक पैसाही सूट नसेल, तर महिन्याचा खर्च १५० रुपये होईल. कूपनाने तो ३६० होता. ज्या फलकावर सूट शून्य, तेथे बचत २१० रुपयांची झाली!

आता 'पॉइंट' पाहू. शंभर रुपयांच्या खरेदीस एक पॉइंट आणि एका पॉइंटचा एक रुपया, असा दर असेल तर ती निव्वळ एक टक्क्याची सूट होय, आणि तीही पुढील खरेदीच्या वेळी मिळणारी. मुदत संपण्याच्या आत खरेदी झाली नाही तर तेवढीही नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. 'एक हजाराच्या खरेदीवर शंभर रुपये सूट' असे कूपन असते. आपले बिल झालेले असते ८२० रुपये. मग कूपन वाया जाऊ नये म्हणून १९० रुपयांची शक्तिवर्धक औषधाची बाटली त्यात टाकली जाते. बिल १०१० चे होते, शंभर वजा जातात, आणि आपण ९१० रुपये देऊन समाधानाने घरी येतो. शंभर रुपये वाचले असे वाटते. प्रत्यक्षात नको असलेल्या बाटलीपायी नव्वद रुपये अधिक गेले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच.

या तीन उदाहरणांचे सार एकच आहे. सूट किती टक्के हे विचारू नये. शेवटी एका गोळीस किती पैसे पडले हे विचारावे. बिलाची रक्कम गोळ्यांच्या संख्येने भागली की उत्तर मिळते. घरपोच सेवेचा आकार असेल तर तोही भागाकारापूर्वी मिळवावा.

छापील किंमत कशी ठरते

पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किरकोळ किंमत असते. तीत सर्व कर धरलेले असतात. त्याहून अधिक घेणे कायद्याविरुद्ध आहे. कमी घेण्यास आडकाठी नाही. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत २०२२ साली ३८४ औषधे समाविष्ट करण्यात आली. अशा औषधांच्या किमतीवर राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण कमाल मर्यादा घालते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, बाजारात निदान एक टक्का वाटा असलेल्या सर्व नावांच्या औषधांचे विक्रेत्यास पडणारे दर घेऊन त्यांची सरासरी काढतात, तीत विक्रेत्याचा सोळा टक्के नफा मिळवितात, आणि तेवढी मर्यादा ठरते. यादीबाहेरील औषधांना अशी मर्यादा नाही. मात्र त्यांची किंमत बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही. प्रारंभीची किंमत कंपनी ठरविते, आणि म्हणूनच एकाच द्रव्याच्या दोन नावांत मोठे अंतर आढळते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. विक्रेत्याच्या नफ्याला मर्यादा असते. त्या नफ्यातून तो दहा-पंधरा टक्के सोडू शकेल. परंतु कोणी छापील किमतीवर साठ-सत्तर टक्के सूट देऊ लागला, तर तो दानशूर आहे असे समजण्याचे कारण नाही. छापील किंमतच फुगविलेली आहे, असा त्याचा सरळ अर्थ बहुधा असतो. काही कंपन्या आपली जेनेरिक औषधे डॉक्टरांकडे प्रचार न करता थेट दुकानांत पाठवितात. त्यांची खरेदी किंमत अल्प आणि छापील किंमत भरमसाट असते. हे औषध वाईट असते असे नव्हे. परंतु सुटीचा आकडा हा तेथे रास्तपणाचा पुरावा होऊ शकत नाही, एवढे खरे.

कराचाही येथे उल्लेख करावयास हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्के करण्यात आला, आणि काही जीवरक्षक औषधांवरील कर पूर्णपणे उठविण्यात आला. ही घट ग्राहकाचा हक्क आहे. विक्रेत्याने ती 'सूट' म्हणून मिरवावी असे तिच्यात काही नाही.

बचतीचा आरंभ कोठे होतो

आपली अशी समजूत असते की बचत दुकानाच्या फळीवर होते. वास्तविक ती डॉक्टरांच्या खोलीत सुरू होते. नियम असा आहे की चिठ्ठीवर ज्या नावाचे औषध लिहिले असेल त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध, द्रव्य तेच असले तरी, विक्रेत्याने परस्पर देऊ नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून न मिळणाऱ्या औषधांना हा नियम लागू आहे. म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालण्याऐवजी डॉक्टरांनाच नम्रपणे विचारावे : "हे औषध मूळ नावाने लिहून द्याल का? याहून स्वस्त पण तितकेच चांगले चालेल का?" असे विचारण्यात संकोच मानू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे डॉक्टरांनी औषध जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे अशीच अपेक्षा आहे. पाकिटावरही मूळ नाव शोधणे आता सोपे झाले आहे; २०१८ पासून, काही मिश्र औषधे वगळता, ते कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते.

मूळ नावाची चिठ्ठी हाती आली की जनऔषधी केंद्राचा रस्ता मोकळा होतो. या योजनेतील पहिले केंद्र नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथे उघडले. आरंभीची काही वर्षे तिची वाढ मंद होती. पुढे ती 'प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना' या नावाने विस्तारली. नोव्हेंबर २०२३ मध्ये देवघर येथे दहा हजाराव्या केंद्राचे उद्घाटन झाले आणि २०२५ च्या आरंभी ही संख्या पंधरा हजारांवर गेली. केंद्रांच्या यादीत सुमारे दोन हजार औषधे आणि तीनशे शस्त्रक्रियेची व तत्सम साधने आहेत. किंमत ठरविताना आघाडीच्या तीन नावांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून ती अधिक असू नये, असे तत्त्व आहे. माल प्रमाणित उत्पादकांकडून घेतला जातो आणि प्रत्येक तुकडीची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते. येथे ना कूपन, ना पॉइंट. छापलेली किंमतच कमी.

उणीवही सांगितली पाहिजे. प्रत्येक केंद्रात प्रत्येक औषध प्रत्येक दिवशी असेलच असे नाही. म्हणून गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधी चौकशी करावी. 'जनऔषधि सुगम' या ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत पाहता येते. घरातील तरुण मंडळींनी एवढे काम वडीलधाऱ्यांसाठी अवश्य करावे. कर्करोग, हृदयविकार यांवरील औषधांसाठी काही शासकीय रुग्णालयांच्या आवारातील 'अमृत' औषधालयांतही सवलतीच्या दराने औषधे मिळतात. तेथेही मोठी खरेदी करण्यापूर्वी चौकशी करणे हिताचे.

कूपन कोठे वापरावे

एवढे वाचून कूपन ही टाकाऊ वस्तू आहे असा समज कोणी करून घेऊ नये. औषधांच्या दुकानात औषधांखेरीज जे मिळते, म्हणजे साबण, दंतमंजन, कापूस, लहान मुलांचे लंगोट, तापमापक, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, त्यांवर कूपन खुशाल वापरावे. अट एवढीच की वस्तू आधीच आपल्या यादीत असावी. रक्तातील साखर मोजण्याच्या यंत्राविषयी मात्र सावध असावे. यंत्र स्वस्तात किंवा फुकट मिळते. परंतु त्यास लागणाऱ्या पट्ट्या त्याच कंपनीच्या घ्याव्या लागतात. यंत्राची नव्हे, वर्षभराच्या पट्ट्यांची किंमत विचारून मग निर्णय घ्यावा. आणि डॉक्टरांनी लिहिलेले औषध सर्व बाजूंनी स्वस्त करून घेतल्यावर त्यावरही कूपन चालत असेल, तर ते घेण्यास काहीच हरकत नाही.

शेवटी, सोयीसाठी काही सूचना एकत्र देतो. त्या कापून औषधांच्या डब्याच्या झाकणात चिकटवून ठेवाव्यात.

१. औषधाचे मूळ नाव, त्याचे मिलिग्रॅममधील प्रमाण आणि प्रकार या तीन गोष्टी जुळल्याशिवाय दोन औषधे एक मानू नयेत. मेटफॉर्मिनची साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी गोळी या निराळ्या आहेत.

२. अपस्मार, थायरॉइड आणि रक्त पातळ करणे यांवरील औषधांचे नाव डॉक्टरांच्या संमतीवाचून कधीही बदलू नये.

३. सूट मोठी आहे म्हणून वर्षाचा साठा करू नये. डॉक्टर मध्येच औषध बदलतात, आणि मुदतही संपते. एक-दोन महिन्यांपुरते पुरे.

४. पाकिटावर लाल उभी रेघ असलेली औषधे, विशेषतः प्रतिजैविके, चिठ्ठीवाचून घेऊ नयेत. फुकट मिळाली तरी घेऊ नयेत.

५. प्रत्येक वेळी पक्के बिल घ्यावे. छापील किमतीहून अधिक मागितल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

६. घरखर्चाच्या वहीत औषधांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : 'एका गोळीस पडलेले पैसे'. तीन महिने तो प्रामाणिकपणे भरला की स्वस्त दुकान कोणते हे कोणास विचारावे लागणार नाही.

इंदूरच्या भगिनींना आमचे सांगणे असे की, कोपऱ्यावरचे दुकान की घरपोच कंपनी हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवावा. पुढील तपासणीच्या वेळी दोघांच्याही चिठ्ठ्या डॉक्टरांपुढे ठेवून मूळ नावे लिहून घ्यावीत. रक्तदाबाचे ॲम्लोडिपिन, मधुमेहाचे मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलचे ॲटोर्व्हास्टॅटिन ही सर्व आवश्यक यादीतील औषधे आहेत आणि ती अल्प किमतीत मिळू शकतात. कोपऱ्यावरच्या विक्रेत्याशी संबंध तोडण्याचेही कारण नाही. तोच मूळ नावाची स्वस्त औषधे मागवून देईल तर उत्तमच. अपरात्री ताप चढला असता दार उघडणारा तो असतो, आणि ती सोय कोणत्याही कूपनावर छापलेली नसते.

आणि त्या मधल्या काळात यजमानांची गोळी रोज, ठरल्या वेळी, चालू राहिली पाहिजे.